तांबड्या जिथं थांबायचा

ओकची फळं पडायला लागली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून शेजारच्या ब्रेंडाच्या तबेल्याचा पत्रा आहे. त्यावर टप्प करून एक पडतं, मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ दोन. फळ म्हणजे टोपी घातलेली हिरवी सुपारीच. माणसं ती खात नाहीत. घोड्यांनी जास्त खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. डुकरांना मात्र ती फार आवडतात आणि बाधतही नाहीत, म्हणून दर वर्षी या दिवसांत इथली माणसं आपली डुकरं रानात सोडतात. नाकात कडी घातलेली, गुबगुबीत डुकरं रस्त्यानं, चर्चच्या अंगणातून, बस-स्टॉपच्या बाकाखालून फळं वेचत हिंडतात. गाड्या थांबून राहतात. कुणी हॉर्न वाजवत नाही.

काल रानाकडे निघालेलं या वर्षीचं पहिलं डुकर फाटकापाशी येऊन घुर्रर्र करून गेलं. आत तांबड्या चरत होता. त्यानं मान वर केली, डुकराकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. मला हसू आलं. एका पानगळीत याच तांबड्यानं आमच्या घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. डुकरं होती, ओकची फळं होती, आणि तो एका झाडाखाली चार पाय रोवून उभा होता. का, ते कुणाला कळत नव्हतं.

तांबड्या हे मी ठेवलेलं नाव. त्याचं खरं नाव रस्टी. माझी सून मीरा त्याला घेऊन आली तेव्हा मी विचारलं, रस्टी म्हणजे काय? ती म्हणाली, "गंज आई, लोखंडावर येते ना, तसा कलर." मग तांबड्याच की. तो घोडा नव्हे, या रानातलं पोनी. खांदा माझ्या हनुवटीला लागेल एवढाच, पोट गोल, कपाळावर केसांची झुलपं. मीरा लंडनच्या कडेला, इल्फर्डला जन्मली, तिथंच वाढली. लहानपणी शनिवारी एका तबेल्यात लीद काढायला जायची, आणि त्याच्या बदल्यात तिला घोड्यावर बसायला मिळायचं. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, आपलं स्वतःचं एक पोनी असावं. माझा मुलगा संतोष साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्याची नोकरी लागली म्हणून आम्ही इकडे रानाच्या कडेला राहायला आलो, आणि शेजारी ब्रेंडाचा तबेला निघाला.

मीराला मराठी कमी, मला इंग्रजी त्याहून कमी. आमच्यात भांडण कधी झालं नाही, कारण भांडायला पुरेल एवढी भाषाच दोघींकडे नव्हती. ती लाजरी, मीही तशीच. एकमेकींना चहा करून द्यायचा आणि खिडकीबाहेर बघायचं. तांबड्या आल्यावर दोघींना बघायला एकच काहीतरी मिळालं.

कुंपणाच्या आत तो गुणी होता. थांब म्हटलं की खोगीर घालून घ्यायचा, चाल म्हटलं की चालायचा. फाटकाबाहेर काढला की मात्र वेगळा. आधी लहान रस्ता. मग रानाच्या तोंडाशी जमिनीत लोखंडी गज बसवलेले आहेत, जनावरांनी बाहेर येऊ नये म्हणून, त्यांच्या बाजूचं छोटं फाटक. तिथून पायवाट. पायवाटेवर एक मोठा ओक, त्याच्या पुढच्या वळणानंतर ओढ्यावरचा लाकडी पूल, आणि पुलापलीकडे मोकळं माळरान. तांबड्या ओकापर्यंत जायचा. तिथं थांबायचा. कान ताठ, मान वर, पाय जमिनीत पुरल्यासारखे. मीरानं टाच मारली की मागं सरायचा. आणखी मारली की गर्रकन फिरून घराकडे.

ब्रेंडा म्हणाली, पुष्कळ पोनी असं करतात. घरापासून लांब जायचं नसतं त्यांना.

मी ऐकलं आणि दिवसभर तेच डोक्यात राहिलं. घोड्यांमध्ये वाढलेली बाई मी. पण घराकडे पळणारं घोडं मला आठवेना.

एकदा तो फिरून पळाला तो उघड्या राहिलेल्या छोट्या फाटकातून थेट लहान रस्त्यावर आला. मीरा खाली पडली. पार्सलवाल्या व्हॅननं करकचून ब्रेक मारला. लागलं फारसं नाही, कोपर सोलवटलं. पण रात्री जेवताना संतोष म्हणाला, "रस्त्यावर गिरकी घेणारं घोडं एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल. तुझा, नाहीतर त्या ड्रायव्हरचा."

मीरा म्हणाली, "तो वाईट नाहीये."

"मी वाईट म्हणालोच नाही. हॉस्पिटलमध्ये माझ्यासमोर येतात ना, त्यातले कितीतरी म्हणतात, घोडा चांगला होता."

शेवटी ठरलं. रानातली डुकरं परत आत घेतात तोपर्यंत बघायचं. तोवर तांबड्या नीट बाहेर जायला लागला तर ठीक, नाहीतर बाजारात पाठवायचा. मीरा बरं म्हणाली, आणि उठून ताटं धुवायला लागली. एकच ताट बराच वेळ धूत होती. दुसऱ्या दिवशी ब्रेंडानं सांगितलं, अशा पोनीला कुणी ठेवून घेत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि दर हातात त्याची खोड वाढत जाते. मीरानं मला ते मराठीत सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका लहान झाला की मला अर्धंच ऐकू आलं. अर्ध्यावरून कळलं.

संतोषचा स्वभाव चेष्टेचा. वातावरण हलकं करायला मला म्हणाला, "आई, तुझा नि त्याचा स्वभाव एक आहे बघ. दोघांनाही घरापासून लांब जायला नको."

खरंच होतं ते. इथं येऊन बरीच वर्षं झाली होती, पण दुकानात संतोषबरोबर, डॉक्टरकडे मीराबरोबर. एकटी फाटकापर्यंत, कचऱ्याचा डबा ठेवायला.

आधी त्याचं दुखणं शोधलं. पाठ बघणारा माणूस आला, दात बघणारी बाई आली, खोगीर मापणारा आला. सगळं ठीक निघालं. मग ब्रेंडा म्हणाली, दुखत नसेल तर भीती आहे, नाहीतर सवय. मारू नका. थांबला की थांबू द्या. पण तिथून घराकडे वळायचं नाही. एक पाऊल पुढं टाकलं, आडवं टाकलं तरी चालेल, मग घरी. घरी जायचं ते तुम्ही ठरवायचं, त्यानं नाही. आणि आधी काही दिवस वर बसूच नका, कुणीतरी दोर धरून पुढं चाला.

वर न बसता चालायचं हे ऐकून मला बरं वाटलं. मीराबरोबर मीही जायला लागले. ती बरोबर होती म्हणून.

ओकाखाली तांबड्या थांबायचा, आणि मी त्याच्याशेजारी उभी राहून तो बघतो तिकडे बघायची. काय दिसतं याला? पुढं फर्न वाळून तांबूस झालेलं. हॉलीचं काटेरी झुडूप, त्याला लाल फळं. पायवाटेचं वळण. वळणापलीकडचं दिसत नाही. त्याचं भ्यायचं कारण ते वळण तर नव्हे? मी वाकून त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आले. तिथून फर्न जास्त उंच वाटायचं. वाऱ्याकडे नाक केलं, तर ओल्या पानांचा वास, डुकरांचा वास, आणि मागून, अगदी बारीक, ब्रेंडाच्या तबेल्यातल्या गवताचा. घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला पुढचंही दिसतं आणि जवळजवळ मागचंही. मग तो थांबतो तो पुढच्याला भिऊन, की मागचं सुटतंय म्हणून? दोन्ही एकाच डोळ्यात कसं मावत असेल?

"आई, त्याची कान बघा," मीरा म्हणायची. एक कान पुढं असायचा, एक मागं.

आम्ही मेंढरांवाले धनगर. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी बिऱ्हाडाबरोबर चालायला लागले. पावसाळ्यात गावी, दिवाळी झाली की घाट उतरून कोकणाकडे, उन्हाळा संपता संपता परत. पुरुष मेंढरं चारत आडरानातून जायचे. घोड्या बायकांच्या ताब्यात. पहाटे तळ मोडायचा, सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर. खाली खाटलं, वर वाकळा, भांडी, बांधलेल्या कोंबड्या, आणि रात्री जन्मलेलं कोकरू पोत्यातून मान काढून बघतंय. पुढची घोडी चांदी. तिचा दोर आईच्या खांद्यावर, मी मोठी झाल्यावर माझ्या. बाकीच्या घोड्या आपसूक तिच्या मागं, शिंगरं बाजूनं बागडत. निघताना मागं उरायचं काय, तर चुलीचे तीन काळे दगड, राख आणि लेंड्यांचा एक गोल.

त्या ओकाखाली उभी असताना मला एकदम कळलं, घराकडे पळणारं घोडं मला का आठवत नाही ते. आमच्या घोड्या पळणार कुठं? घर त्यांच्याच पाठीवर असायचं.

पण मन असं असतं, एक उत्तर मिळालं की लगेच त्यातली खोट दाखवतं. एक दिवस वर्षातून यायचाच. पावसाळाभर गावच्या गोठ्यात राहिल्यावर दिवाळीनंतरचा पहिला दिवस. त्या दिवशी चांदी वेशीशी थांबायची. पाठीवर सगळं असूनही थांबायची. मग आई काय करायची, तर तवा आणि काठवट ठेवलेली पाटी घोडीवर न लादता स्वतःच्या डोक्यावर घ्यायची आणि चांदीच्या पुढं चालायची. ती पाटी घोडीच्या डोळ्यांसमोर दिसली पाहिजे. माझ्या हातात दोर द्यायची आणि म्हणायची, "मागं बघू नगं. तू मागं बघितलंस की तिला वाटतंय, मागं कायतरी ऱ्हायलंय."

चांदी पाटीमुळं चालायची, की आई पुढं होती म्हणून? तेव्हा मी विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही.

तांबड्याचं घर कशात होतं? मला तरी ते त्याच्या खुराकाच्या निळ्या बादलीत वाटलं. सकाळी-संध्याकाळी तो तिच्याकडेच बघायचा. मी मीराला म्हटलं, "उद्या मी बादली घेऊन पुढं चालते." तिला वाटलं हातात. मी मफलरची चुंबळ केली आणि बादली डोक्यावर घेतली. आत मूठभर खुराक टाकला होता, वास यावा म्हणून. मीरा त्या दिवशी वर बसली होती. ती खोगिरावर पुढं वाकून तांबड्याच्या मानेत तोंड लपवून हसत होती, ते मला मागं न बघताही कळलं.

ओक आला. मी थांबले नाही, मागं बघितलं नाही. मागून टापांचा आवाज येत राहिला. आला, आला, अगदी माझ्या बाजूला आला. आणि तेव्हा मला समोरून दुसराच आवाज ऐकू आला.

बादलीतला खुराक चालताना खुळखुळत होता. रानातली डुकरं कशाच्या आवाजाला धावत येतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मला नव्हतं. फर्नमधून एक आलं, मग त्याच्या मागं सगळं खानदान. माझ्या पायांभोवती गर्दी. एकानं माझ्या कोटाचं टोक धरलं. मी बादली दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट धरून उभी, खाली घुर्रर्र घुर्रर्र.

"आई, फेका! बादली फेका!"

मी फेकली नाही. पाटी टाकायची नसते हे हाडात बसलेलं. शेवटी ब्रेंडा काठी घेऊन आली, तिचीच डुकरं ती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाली, "लव्ह, तू माझ्याकडे कामाला ये. माझ्या हाकेला एकही डुकर एवढं धावत येत नाही." आणि तांबड्या? तो डुकरांना भिऊन पळाला असेल असं मला वाटलं. तो ओकाच्या पुढं, वळणाशी उभा होता, मीरा पाठीवर, आणि एवढी गंमत बघून त्याचे दोन्ही कान पुढं झाले होते.

म्हणजे डुकरांना तो भीत नव्हता. एक कारण गळालं. मला त्याचाही आनंद झाला.

दुसऱ्या दिवसापासून बादली रिकामी. कडी वाजू नये म्हणून तिला फडकं बांधलेलं. रोज ओकाच्या थोडं पुढं. वळण. वळणापुढची ओली माती. पुलाच्या अलीकडे मी थांबायची, कारण फळ्यांवर शेवाळ होतं आणि खाली पाणी दिसायचं. मी थांबले की तोही थांबायचा. मग मीरा शांतपणे त्याला वळवायची आणि आम्ही घरी. रस्त्यानं माणसं भेटायची. डोक्यावर निळी बादली घेतलेली बाई, मागं पोनी, वर सून. लोक हात करायचे. पहिल्यांदा मी मान खाली घातली, तर बादली कलंडली. मान वर ठेवावीच लागायची. मग मीही हात करायला लागले.

त्या वर्षी ओकाला फार फळं होती, म्हणून डुकरांना रानात मुदत वाढवून मिळाली. मीरानं मला मिठी मारून सांगितलं. आमच्याकडे मुदतवाढ म्हटलं की सरकारी कागद आठवतात, इथं ती झाडानं दिली होती. पण ती संपत आलीच. ब्रेंडा म्हणाली, हा बादलीच्या मागं छान चालतो. पण याला बाजारात घेणाऱ्याकडे ही बाई नि बादली नसेल. आणि मीरालाही जन्मभर पुढं सासू घेऊन कसं चालेल?

शेवटच्या दिवसांतल्या एका सकाळी मीरा म्हणाली, "आई, आज तुम्ही ओकापाशी थांबा. आम्ही दोघं पुढं जातो. गेलो तर पूलच्या पलीकडून, दुसरी रस्त्यानी घरी येऊ."

"आणि नाही गेला तर?"

ती लगामाशी हात चाळवत राहिली.

ओकापाशी मी बाजूला झाले. तांबड्या दोन पावलं पुढं गेला आणि थांबला. पाय रोवले. मीरानं टाच मारली नाही. मी त्याच्या कानांकडे बघत होते. एक कान पुढं, एक मागं. मागचा कान माझ्याकडे. मी हलले तसा तोही हलला. मग माझ्या ध्यानात आलं. आता त्याचं घर मी होते. मी घराकडे चालू लागले तर तो वळणार. मी पुढं गेले तर माझ्या मागं येणार, म्हणजे पुन्हा तेच. आणि इथं दिसत राहिले तर असाच अर्धा मागं, अर्धा पुढं उभा राहणार.

मी पायवाट सोडली आणि फर्नमध्ये शिरले. हॉलीच्या झुडपामागं जाऊन उभी राहिले. काटे टोचत होते. मला तो दिसेना, मी त्याला दिसेना. बादली डोक्यावरून काढून पायांशी ठेवली. श्वाससुद्धा हळू घेत होते. झाडावरून फळ पडलं, टप्प. लांब कुठंतरी डुकरं. मग चिखलात टाप उचलल्याचा आवाज. एकच. कुठल्या बाजूला, ते कळेना. मग आणखी एक. बराच वेळ काही नाही. आणि मग लाकडावर, ठक. ठक. ठक ठक ठक ठक.

पूल वाजत होता.

तो आवाज पलीकडे गेला आणि मातीत मऊ होऊन संपला. मी झुडपातून बाहेर आले. पायवाटेवर कुणी नव्हतं. या देशात मी पहिल्यांदाच कुणाच्याही सोबतीशिवाय उघड्यावर उभी होते. मागं घर. पुढं वळण. खरं सांगायचं तर पाय मागं वळत होते. पण तो रोज भीत होता ते काय, हे बघायचं राहिलंच होतं. मी वळणावर गेले. पुलाशी गेले. कठडा धरून, शेवाळावर टाच टेकवत, पलीकडे उतरले.

पलीकडे काही नव्हतं. जांभळी फुलं वाळून गेलेलं माळरान, गॉर्सच्या काटेरी झुडपांची पिवळी फुलं, आणि दोन रानातली पोनी चरत होती. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. लांब, आभाळाच्या कडेला मीरा आणि तांबड्या जाताना दिसत होते, बोटाएवढे. मी पुष्कळ वेळ बघत उभी राहिले. तो कशाला भ्यायचा, ते मला तिथंही सापडलं नाही. अजून सापडलेलं नाही.

संध्याकाळी संतोषनं बाजाराची गोष्ट काढली नाही. मीरानं त्याच्या ताटात जास्तीची पोळी वाढली, एवढंच.

रात्री झोपताना आठवलं की बादली हॉलीच्या मागंच राहिली. सकाळी मीरा ऑफिसला गेलेली, संतोष ड्यूटीवर. मी कोट घातला, फाटक उघडलं, लहान रस्ता, लोखंडी गजांच्या बाजूचं छोटं फाटक, पायवाट, ओक. बादलीत रात्रभरात फळं पडली होती, आणि एक डुकर त्यात तोंड घालून उभं होतं. मी त्याला हाकललं. बादली पालथी करून फळं त्याला दिली, रिकामी बादली डोक्यावर घेतली आणि निघाले.

तांबड्या कुंपणाशी उभा होता, रस्त्याकडे तोंड करून. मी रस्त्याच्या वळणावर दिसले तसं त्यानं मान उंच केली. दोन्ही कान पुढं. मी फाटकाशी पोचेपर्यंत तो बघत राहिला. जणू विचारत होता, तिकडे काय आहे?